पहिल्या काडीचा मान

भुरकूटोल्यात बिडी न वळणारं एकच घर होतं, ते म्हणजे मारुतीचं देऊळ. बाकी सगळीकडे सकाळची भांडी घासून झाली की बायका मांडीवर सूप घेऊन बसत, आणि धान कापून झालं की पुरुषही. सुपात तेंदूची कापलेली पानं, मधोमध तंबाखूची ढिगुळी, बाजूला कात्री आणि गुलाबी धाग्याची रीळ. आमगावहून सालेकशाकडे निघालं की मध्येच टेकडीच्या बाजूला एक गाडीवाट फुटते, तिच्या टोकाला आमचं गाव. त्या काळी आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. पुढे छप्पन साली मुंबई राज्यात गेलो, साठ साली महाराष्ट्रात. गावाला यातलं कुणी काही विचारलं नव्हतं. आमचं खरं सरकार म्हणजे गोंदियाचा बिडीशेठ, आणि त्याचं तोंड आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

जमुनाबाई आमच्या शेजारची. चैतरामकाकाची बायको म्हणून मी तिला काकी म्हणायचो, वयानं ती माझ्याहून फार मोठी नव्हती. उंच, हाडकुळी, आणि जिभेला हाड नसलेली. सट्टेदार हिरालाल हा त्या शेठच्या वतीनं गावात पान-तंबाखू वाटायचा आणि वळलेल्या बिड्या घ्यायचा. घेताना नाक मुरडून प्रत्येकीच्या कट्ट्यांतून, म्हणजे बिड्यांच्या जुड्यांतून, छाट म्हणून बिड्या बाद करायचा. काकीच्या कट्ट्यांना मात्र तो हात लावत नसे. तिला वेड होतं एकाच गोष्टीचं, विहिरीचं. आमची शेतं पावसावरची, एकदा धान निघालं की जमीन आडवी. शेतात विहीर असती तर धानामागून चणा, लाखोळी, वांगी काय वाटेल ते घेता आलं असतं, असं ती येता-जाता ऐकवायची.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो. शिमगा झाला की आम्ही टेकडी जाळायचो. ऐकणाऱ्याला हा भलताच प्रकार वाटेल. पण खालचा पाचोळा जळून गेला की तेंदूच्या झुडपांना नवी, मऊ, बिडीजोगी पानं फुटतात, हे आम्हाला आजा-पणजापासून ठाऊक होतं. आग पाचोळ्यावरून सरसर वर जायची आणि विझायची, मोठ्या झाडांचं काही बिघडत नसे. टेकडीच्या पायथ्याशी वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं नारळ फोडायचा आणि पहिली काडी ओढायची. त्या पहिल्या काडीचा मान चैतरामकाकाच्या घरच्या सुवासिनीचा. लग्न होऊन आल्यापासून तो काकीकडे होता, आणि त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकात नथ घालून ऐटीत यायची.

बावन साली दसऱ्याच्या सुमारास हिरालालनं शाखेला, म्हणजे पान-तंबाखू वाटायच्या त्याच्या खोलीला, कुलूप घातलं. माल उठत नाही, एवढाच शेठचा निरोप. धान अजून शेतात उभं होतं आणि सगळ्या गावाचे हात रिकामे. बायका सवयीनं ओसरीवर येऊन बसायच्या आणि बोटं नुसतीच पदराचं टोक वळत राहायची. आम्ही पुरुष पारावर बसून एकमेकांना सांगायचो, पुढच्या आठवड्यात उघडते पाहा. असे दोन महिने गेले आणि शाखा खरंच उघडली. लोकांनी मारुतीला गूळ वाटला. काकीनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि फटकन बोलली, "खावा गूळ. सारा गाव एकाच खुट्याले बांधला हाये. खुटा उपटला का मंग कोठी जाता?"

आम्ही हसलो. पण तोवर तिनं आपल्यापुरता दुसरा खुटा ठोकूनही टाकला होता. शाखा बंद असतानाच ती दरेकशाच्या पलीकडे माहेरी जाऊन आली होती, आणि येताना डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन आली होती. काड्यांवर खरूज उठल्यासारखे खडबडीत थर होते. ती लाखेची बिहन होती, म्हणजे बियाणं. तिच्या माहेरी पळसाच्या झाडांवर लाख घ्यायचे. आमच्या धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, पळस माजलेला, आणि आम्ही फक्त पत्रावळीपुरती त्याची पानं ओरबाडायचो.

तिनं त्या काड्या पळसाच्या कोवळ्या फांद्यांना बिडीच्याच गुलाबी धाग्यानं बांधल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. "ये गा, पाहून जा. नंतर म्हनशील सांगतलं नाही."

मी थट्टा करायच्या तयारीनं गेलो. फांदीवर लाल धूळ बसली होती. मी फुंकर मारायला वाकलो, तर धूळ चालत होती. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे लाखो लाल जीव काडीतून निघून फांदीवर चढत होते. एकमेकांना ढकलत नव्हते, मागे फिरत नव्हते. काकी सांगत होती की ते मऊ जागा पाहून सोंड रोवतात, मग जन्मात तिथून हलत नाहीत आणि अंगावर लाखेचं घर चढवून घेतात. मी ऐकत होतो की नाही कुणास ठाऊक. रोज ज्या झाडाखाली बैल बांधायचो, त्या झाडावर हे चाललं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि थट्टा करायची मी विसरूनच गेलो.

मग फाल्गुन आला. गाव नारळ घेऊन वाघदेवापाशी जमलं. काकी नथ घालून आली आणि तिनं पहिली काडी ओढली. तिला लाखेचा विसर पडला होता असं नाही. या आगीनं झाडाला काही होत नाही, हे तिनंही आमच्यासारखंच जन्मभर पाहिलं होतं. झाडाला झालं नाहीच. पण टेकडीला लागून असलेल्या तिच्या धुऱ्याखालून आग धावली, तिची धग वर फांद्यांपर्यंत गेली. दोन दिवसांनी तिनं एक फांदी मोडून लाखेवर नख मारलं. जिवंत लाखेतून लाल रस येतो, इथं तपकिरी भुकटी निघाली. दुसरी फांदी, तिसरी, सगळीकडे तेच. ती धुऱ्यावर बसली आणि आपला उजवा हात जमिनीवर आपटत मोठ्यानं रडायला लागली. "माह्याच हातानं जाळले वं माय," एवढंच म्हणत होती. फटकळ बाईला असं रडताना पाहणं फार वाईट.

पुढच्या सालच्या शिमग्याला तिनं काडी ओढायला नकार दिला. गावात हलकल्लोळ झाला. घराण्याचा मान असा कुणी टाकतं काय? ती म्हणाली, "मान ज्याले पायजे त्यानं घ्यावा. मी त्या आगीले हात नाही लावत." मान शालीकरामच्या घरी गेला. शालीकराम गावातला वजनदार माणूस, नात्यानं तिचा दीर लागायचा. टेकडी दरवर्षीसारखीच पेटली.

पण आगीच्या आधी काकी झाडू घेऊन बाहेर पडली होती. माहेरून नवी बिहन आणून तिनं पुन्हा लावली होती, आणि आता त्या पळसांच्या भोवतालचा पाचोळा ती झाडून काढत होती. नुसता बुंध्याभोवतीचा नव्हे, सगळा धुरा आणि त्याला लागून टेकडीचा उतार. फाल्गुनात पान रोज गळतं, म्हणून रोज झाडायचं. लोक थांबून एकमेकांना विचारायचे, "काऊन गा, जमुनाबाई जंगल झाडून राहिली, कोनी पाव्हना येनार हाये काय?" ती झाडू न थांबवता दोन शिव्या द्यायची. झाडलेल्या जागेतल्या तेंदूच्या झुडपांना आग मिळणार नव्हती, म्हणून ती तिनं कुऱ्हाडीनं बुडखाशी छाटली. वैशाखात त्या बुडख्यांना जी पानं फुटली, ती तोडायला आमच्याच बायका सगळ्यांत आधी धावल्या.

आग आली, झाडलेल्या उतारापाशी थबकली आणि विझली. त्या साली तिची लाख जगली.

असं ती दरसाल करत गेली. दिवसा बिडी वळायची, पहाटे उतार झाडायची. एवढ्या मोठ्या टेकडीशी एक बाई झाडूनं भांडते आहे आणि हरत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. पहिली दोन वर्षं मी हसलो, नंतर हसू येईना. अठ्ठावन साल येईतो तिच्या शेतातले सगळे पळस लाखेनं लडबडले होते. चैतरामकाकानं शेताच्या कोपऱ्यात चुन्यानं मोठा गोल आखला होता. यंदाची लाख उतरवून विकली की तिथं विहिरीची पहिली कुदळ पडायची होती.

आणि त्याच दिवाळीच्या तोंडावर हिरालालनं दुसऱ्यांदा कुलूप लावलं. या वेळी त्यानं फळी, टेबल, रजिस्टरं, सगळं गाडीत घातलं. जाताना त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. सामान गेलं म्हणजे शाखा परत येत नाही, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

दोन दिवसांनी काकीच्या अंगणात गोंदियाचा लाखेचा व्यापारी श्यामलाल छकडा घेऊन आला. उतरवलेल्या काड्यांचे भारे रचून ठेवलेले होते, आणि त्यांवर लाल धूळ दिसायला लागली होती. पिल्लं निघायला लागली म्हणजे काडी लगेच झाडाला बांधायची, नाहीतर ती बिहन म्हणून वाया गेली. श्यामलालला त्याची पर्वा नव्हती, त्याला लाख खरवडून कारखान्यात द्यायची होती. "देखो बाई, पूरा माल आज के आज उठाता हूँ. इतना अच्छा भाव फिर नहीं मिलेगा," तो म्हणाला.

कुंपणापाशी गाव उभं होतं. बिहन मागायला तोंड नव्हतं कुणाला, मलाही नव्हतं. जिला हसलो तिच्या दारात कुठल्या तोंडानं बोलणार? काकीनं भाऱ्यांकडे पाहिलं. मग दूर, शेताच्या कोपऱ्यातल्या त्या चुन्याच्या गोलाकडे पाहिलं. चैतरामकाका हळूच म्हणाला, "तू म्हनशील तसं."

"शेठजी, छकडा रिकामा घेऊन जा," ती म्हणाली. आणि कुंपणाकडे वळून ओरडली, "उभे काय राहिले सारे? घरी धाग्याच्या रिळा हायेत का नाहीत? घेऊन या. आजच बांधा लागते."

शालीकराम पुढे आला. मान खाली घालून म्हणाला, "बदल्यात काय देवाचं, जमुनाबाई?"

"टेकडीवर आग नोको, भाऊजी. आता काडीचा मान तुमचा हाये, तुमीच सांगा."

शालीकराम म्हणाला, "मंग तेंदू कसा फुटन? शाखा गेली तरी पान उचलनारे ठेकेदार हायेतच."

"कुऱ्हाडीनं छाटा. पाच सालं मी छाटून राहिली, अना तुमच्याच घरच्या बाया तेथची पानं तोडून नेऊन राहिल्या. मले काय दिसत नाही?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, शालीकरामही. "नाही लावत आग," तो म्हणाला.

त्या दिवशी गावातली झाडून सारी माणसं धुऱ्यांवर पसरली. बिडी बांधताना दोन बोटांनी धागा फिरवून मारायची जी गाठ, तीच गाठ बायका पळसाच्या फांद्यांवर मारत होत्या. हात त्याच वेगानं चालत होते, बघत राहावं असे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत धुऱ्यांवरचे पळस लाल धुळीनं चालू लागले होते. लोक झाडांखाली जमले होते, म्हातारे डोळ्यांवर हात धरून बघत होते. देवळात मी आईच्या धाकानं हात जोडत आलो, त्या सकाळी ते आपले आपण जोडले गेले.

तरी माझ्या मनात धाकधूक होतीच. अंगणात दिलेला शब्द फाल्गुनात टिकतो की नाही? टेकडी जाळायची सवय आमच्या हातात मुरलेली. वाटेत कुणी बिडी पेटवून काडी टाकली तरी सगळं गाव पुन्हा रिकामं.

एकोणसाठचा शिमगा झाला. मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून तेंदू छाटायला निघालो. वाघदेवाच्या दगडापाशी काकी बसली होती, ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, मांडीवर झाडू. तिच्यासमोर शेंदरी दगडाच्या पायाशी फोडलेला नारळ होता आणि त्याच्याभोवती आगपेट्याच आगपेट्या. नव्या, चुरगळलेल्या, एक तर सुती दोऱ्यानं बांधलेली. बिड्या वळणारं आणि ओढणारं आमचं अख्खं गाव टेकडीवर जाताना आपापली आगपेटी खाली ठेवून गेलं होतं.

"कोनीच सांगतलं नाही गा," काकी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुसत नव्हती. "शालीकराम भाऊजीनं नारळ फोडला, आपली पेटी ठेवली अना गेले. मंग एकेक जन येऊन राहिला अना ठेवून राहिला. मी भेत होती, कोनाचा तरी हात चुकन. माहा चुकला होता ना."

मग तिची नजर माझ्या ओठातल्या बिडीवर गेली. मी खिशातली आगपेटी काढली, शालीकरामच्या पेटीशेजारी ठेवली आणि देवाच्या आधी काकीच्या पाया पडलो. दिवसभर ती बिडी न पेटवता ओठात धरून मी टेकडीवर तेंदू छाटत होतो.