दाईचा ताप

पुस्तक वाचून संपलं की आमच्या सिस्टर ते लगेच मिटत नसत. आधी त्यातल्या माणसांची हजेरी घेत. पुस्तक मांडीवर उघडं, चष्मा कपाळावर आणि तोंडाने चालू : "राजा गेला. धाकटा गडावर पोचला. नावाडी तुरुंगात आहे, पण जेवतोय. घोड्यावरून पडला त्याचा पाय बसवला." मग जरा थांबून, भिंतीपलीकडे मला ऐकू जाईल अशा आवाजात : "सेक्रेटरी, दाईचं काय झालं गो?"

सेक्रेटरी म्हणजे मी. परळच्या आमच्या चाळीच्या समितीची मी सेक्रेटरी होते आणि सिस्टरांची शेजारीण. त्या तिथल्याच एका इस्पितळात जन्मभर नर्स होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावरही चाळीत त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. कोणाला चक्कर आली, पोराने बटण गिळलं, सासऱ्याचं बीपी वाढलं, की 'सिस्टरांना बोलव'. त्या हातातलं पुस्तक पालथं ठेवून निघत आणि परत येऊन त्याच ओळीवरून पुढे वाचत.

ते पुस्तक बहुतेक वेळा 'क्षारगाथा' असे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिठाच्या बेटांवरची सात राज्यं, एक रिकामं सिंहासन, समुद्राच्या तळाशी झोपलेला महासर्प आणि शेकडो माणसं. एकेक खंड उशीएवढा जाड. सहा खंड बऱ्यापैकी वेळेवर आले आणि मग लेखक थांबले. सातवा, शेवटचा खंड 'लवकरच' येणार असं सांगत वर्षांमागून वर्षं गेली. माझी मुलगी केतकी माटुंग्याला कॉलेजात होती, तेव्हा तिने पहिला खंड दादरच्या लायब्ररीतून आणला. परीक्षा तोंडावर होती, म्हणून मी तो काढून घेतला आणि सांभाळायला सिस्टरांकडे दिला. परीक्षा संपली तेव्हा केतकी पहिला खंड परत मागत होती आणि सिस्टर दुसऱ्याची चौकशी करत होत्या.

हजेरीची ही सवय वॉर्डातली. ड्युटी संपली म्हणून नर्स पर्स उचलून निघत नाही. पुढच्या सिस्टरला घेऊन प्रत्येक खाटेपाशी उभं राहायचं : याचं सलाइन चालू आहे, हिला रात्री ताप होता, हा जेवला नाही. याला त्या 'चार्ज देणे' म्हणत. "एक खाट राहिली तरी चार्ज दिला असं होत नाही," त्या सांगत. "आणि सगळ्यात शांत पडलेला पेशंट असतो ना, तोच राहतो. ओरडणारा कसा राहील?"

'क्षारगाथे'त शांत पडलेली खाट होती त्या दाईची. तिसऱ्या खंडात राणी मरते, शत्रू महालात शिरतात आणि दाई तान्ह्या राजपुत्राला परडीत घालून पळते. दोन दिवस ती खाडीतून चालते. शेवटी पोराला एका नावेत सुखरूप बसवते आणि स्वतः तापाने फणफणून धक्क्यावरच्या पडवीत आडवी होते. नाव निघते. प्रकरण संपतं. पुढच्या खंडांत राजपुत्र मोठा होतो, तलवार शिकतो, प्रेमात पडतो. दाईचा एका शब्दाने उल्लेख नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. टाकी कधी धुतली, जिन्यातला दिवा कोणी बदलायचा, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. तेव्हा केतकीच्या आणि सिस्टरांच्या वादांना कंटाळून मी 'क्षारगाथे'तल्या अनुत्तरित प्रश्नांचीही यादी केली. वारस, भूगोल, शस्त्रं, महासर्प असे गट पाडले. सिंहासनावर कोण बसणार, हा अर्थातच पहिला प्रश्न. दाईला मी 'किरकोळ'मध्ये टाकलं.

सिस्टरांनी यादी वाचली. "किरकोळ?"

"अहो सिस्टर, गोष्टीच्या दृष्टीने."

"गोष्टीच्या दृष्टीने तिनेच तर पोरगं वाचवलं. त्या सिंहासनाला काय ताप आलाय? ते बसेल थांबून." पेन मागून घेऊन त्यांनी दाईला सगळ्यात वर लिहिलं.

केतकीचा वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. सिस्टरांनी हट्टाने त्यात नाव घालून घेतलं. तिथे रोज नवे तर्क. एकदा कोणीतरी सिद्ध केलं की दाई मुळात दाई नव्हतीच, ती वेषांतर केलेली उत्तरेची राजकन्या होती. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. सिस्टरांना टाइप करायचा कंटाळा, त्यांनी आवाजी निरोप धाडला. तो केतकीने कितीतरी दिवस जपून ठेवला होता : "प्रत्येक आजारी बाई राजकन्याच असायला हवी का रे बाबांनो? साध्या दाईला ताप येत नाही? आणि आला तर तिच्याकडे बघायचं नाही?"

पुढे लेखक दादरला एका पुस्तक प्रदर्शनात सह्या द्यायला आले. आम्ही तिघी गेलो. रांगेत केतकी सिस्टरांना पढवत होती, "दाईचं विचारा हां, डायरेक्ट विचारा." प्रत्येक वाचक लेखकांना एकच विचारत होता, सातवा कधी? आणि ते खाली मान घालून सह्या करत होते. सिस्टरांचा नंबर आला. त्यांनी पुस्तक पुढे केलं, लेखकांच्या पावलांकडे पाहिलं आणि विचारलं, "पायांना सूज कधीपासून आहे? साखर तपासता ना?"

लेखक दचकले. मग खुर्चीत सैलावून बसले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही." रांग खोळंबवून दोघं आहारावर बोलत राहिले. बाहेर येताच केतकी उसळली, "अहो, दाई राहिली ना!"

"दाईचं तो लिहून सांगेल," सिस्टर म्हणाल्या. "त्यासाठी तो आधी धड राहायला हवा की नको?"

सिस्टर सातव्या खंडासाठी इतक्या का थांबल्या होत्या, ते मला एका दुपारी कळलं. आम्ही गॅलरीत मटार सोलत होतो. मी सहज म्हटलं, मला बाई अर्धवट गोष्टींचा राग येतो. त्या म्हणाल्या, "मला सवय आहे. वॉर्डात सगळ्या अर्ध्याच. माणूस येतो तेव्हा आधीचं ठाऊक नसतं, जातो तेव्हा पुढचं कळत नाही." मग सोलता सोलता एका बाळंतिणीचं सांगितलं. खिडकीजवळची खाट, ताप उतरत नव्हता, आणि ती सारखी बाळाचंच विचारत होती. सिस्टरांनी संध्याकाळी चार्ज दिला. त्याच रात्री त्यांची आई गेल्याचा निरोप आला आणि त्या गावी गेल्या. परत आल्या तेव्हा खिडकीजवळ दुसरीच बाई होती. दुसऱ्या इस्पितळात हलवली, एवढंच कळलं. तिथे चौकशी केली, पत्ता लागला नाही. "नाव आठवत नाही गो आता. कपाळ किती गरम होतं ते आठवतं," त्या म्हणाल्या आणि सालं गोळा करून आत गेल्या.

दाईला 'किरकोळ'मध्ये घालणारी यादी मी त्या दिवशी फाडली आणि नवी केली.

मग चाळीच्या पुनर्विकासाचं पक्कं झालं. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. सिस्टरांनी मालवणकडे भाचीकडे जायचं ठरवलं. त्यांचे गुडघे थकले होते आणि नजर इतकी अधू झाली होती की छापील ओळ दिसत नव्हती. नेमकी त्याच सुमारास जाहिरात आली : सातवा खंड येतोय. भाची न्यायला यायच्या आधी तो हाती पडेल की नाही, याच घोरात आम्ही होतो. तिथे गेल्यावर एवढा ठोकळा त्यांना वाचून कोण दाखवणार? केतकीने नोंदणी केली, दुकानात रोज फोन केला आणि बाइंडिंगचा वास येत असलेली प्रत घेऊन आली.

दुपारी मी वाचायची, सिस्टर डोळे मिटून ऐकायच्या. भोवती बांधलेल्या पेट्या. सिंहासनावर कोण बसलं ते कळलं, ते लिहीत नाही, तुम्ही वाचा. महासर्प जागा झाला. नावाडी सुटला. मी एकेका प्रश्नावर काट मारत होते. मधेच सिस्टर हात पुढे करून उरलेल्या पानांची जाडी चाचपत. ती कमी कमी होत गेली. भाची यायच्या आदल्या दिवशी मी शेवटचं पान वाचलं. यादीत एकच प्रश्न उरला होता, सगळ्यात वरचा.

माझा संताप झाला. "एवढी आठशे पानं लिहिली, एक ओळ नाही? मी प्रकाशकांना पत्र टाकते."

सिस्टरांनी विचारलं, "हा लेखक कोणाचं मरण लिहायचं सोडतो का गो?"

नाही सोडत. घोडे, कुत्री, पहारेकरी, जो जो मेला त्याचं त्याने लिहिलं होतं.

"वॉर्डातही तसंच. गेला की लिहावंच लागतं. वेळ, कारण, सही, सगळं. जो बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला, त्याचं पुढे कोण लिहितं?" त्यांनी चाचपडत माझ्या हातातलं पेन शोधलं. "दाई उठली. नावा जाताना बघितल्या असतील तिने, आणि घरी गेली. मार काट."

मी काट मारली. त्यांनी पुस्तक मिटलं. हजेरी न घेता पुस्तक मिटताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाची टॅक्सी घेऊन आली. जिना उंच, म्हणून चाळीतल्या मुलांनी सिस्टरांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरवलं. खुर्ची दारात आली तशा त्या ओरडल्या, "मला काय शिफ्ट करताय? डिस्चार्ज आहे माझा!" एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर, प्रत्येक मजल्यावर थांबून, कोणाच्या गोळ्या कोणी बघायच्या याचा चार्ज देत देत त्या उतरल्या. फाटकापाशी माझा खांदा सोडला आणि टॅक्सीपर्यंत एकट्या गेल्या.

पुढे काही महिने आम्ही फोनवर बोलत होतो. मग एका सकाळी त्यांच्या भाचीचा फोन आला. ती काय म्हणाली, ते मी इथे लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते एवढंच, की आमच्या सिस्टर परळच्या चाळीतून आपल्या पायांनी चालत घरी गेल्या.