मागून आणलेला पंप

सकाळी कपाशीच्या तिसऱ्या ओळीत भिकुबाई खाली वाकली, एक पान हातात घेतलं आणि तशीच वाकलेली राहिली. पान चिरत गेलं होतं, भेंडीच्या पानासारखं लांब बोटं फुटलेलं. शेजारच्या झाडाचा शेंडाही तसाच. त्याच्या पुढचाही. तिने उभं राहून सगळ्या वावरावर नजर फिरवली. हा रोग नव्हता. हे काय आहे, ते तिला पक्कं माहीत होतं.

धरणगाव तालुक्यातल्या त्या गावात भिकुबाईला ओळखत नाही असं कोणी नाही. माहेर नरडाण्याकडचं, शिक्षण सातवीपर्यंत, आणि तोंड मात्र पदवीधराला गप्प बसवेल असं. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा पुना कपाशीवर औषध मारता मारता वावरातच घेरी येऊन पडला. तोंडाला फेस आला होता. बैलगाडीतून आणि मग रिक्षातून त्याला दवाखान्यात नेताना त्याचं डोकं हिच्या मांडीवर होतं. तो वाचला. घरी आल्यावर हिने औषधाच्या उरलेल्या बाटल्या खड्डा करून पुरल्या आणि सांगून टाकलं की आता या घरात विष येणार नाही. लोक हसले. बाई शेण कालवते, गोमूत्र साठवते, कडूनिंब, रुई, एरंड असा दहा झाडांचा पाला ड्रममध्ये कुजवत बसते, हे बघून पारावर बसणाऱ्यांची महिनाभर करमणूक झाली. ही बाईही कमी नव्हती. तो वास मारणारा ड्रम तिने मुद्दाम पाराच्या वाऱ्यावर ठेवला होता, असं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

पण दुसऱ्या वर्षी तिच्या तुरीत आणि कपाशीत दम दिसला, आणि एकेक करत अकरा बाया तिच्या मागे आल्या. त्यांचा गट झाला. या गटाची रीत अशी की बाहेरचा साहेब येऊन शेत तपासत नाही, बायाच एकमेकींची शेतं तपासतात आणि एकमेकींसाठी सही करतात. तीन वर्षं कुणाच्याही वावरात रसायनाचा थेंब पडला नाही, असं ठरलं की सेंद्रिय असल्याचा दाखला मिळतो. तो दाखला बघूनच अमळनेरचा एक व्यापारी त्यांची कपाशी वेगळी घ्यायला तयार झाला होता. एखादीच्या हातून चूक झाली, तिने सांगितलं, तर तिचं शेत पहिल्या वर्षावर जातं. लपवलं आणि उघड झालं, तर बाराही जणींचा दाखला जातो. हे नियम बायांना वाचून दाखवले होते ते भिकुबाईनेच, मोठ्या आवाजात, बोट नाचवत.

आणि चूक झाली होती ती तिच्याच हातून. गेल्या आठवड्यात कपाशीवर तुडतुडे आले. पाल्याचा अर्क तयार होता, आभाळ उघडलं होतं, आणि नेमका गटाच्या पंपाचा वायसर फाटला. वायसर धरणगावहून आणायचा तर दिवस मोडणार. तिने शेजारच्या भाईदासचा पंप मागून आणला. पंप पाण्याने तीनदा धुतला आणि वर चांगलं तांब्याभर गोमूत्र घालून खळाळला. गोमूत्राने धुतलं म्हणजे शुद्ध झालं, यात तिला शंकाच आली नाही. भाईदासने त्याच पंपाने मक्यात तणनाशक मारलं होतं. मक्याला त्याचं काही होत नाही, पण कपाशीला नुसता वास पुरतो. ते नळीत, गाळणीत कुठे दडून बसलं होतं कोण जाणे.

हे एवढंच असतं तर एक वेळ बरं. पण स्वतःचं वावर फवारलं त्याच सकाळी, त्याच पंपाने, तिने रुक्माबाईच्या वावरातही फवारा मारला होता. रुक्माबाई गटातली सगळ्यांत वयस्कर, एकटी राहणारी, दीड एकराची धनीण. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून तिचा उजवा हात खांद्यावर जात नाही, म्हणून तिची फवारणी भिकुबाईच करायची. आता भिकुबाई धावत तिच्या बांधावर गेली. तिथलीही पानं तशीच चिरलेली होती.

तपासणीला चार दिवस होते. घरी येऊन तिने पुनाला सांगितलं. पुना भित्रा माणूस नाही, पण त्याचाही चेहरा उतरला.

"शेंडा खुडी टाकू," तो म्हणाला. "कोनले काय समजी?"

आणि भिकुबाईने ते केलं. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण केलं. दोन दिवस ती आणि पुना ओणवे होऊन वाकडे शेंडे खुडत होते आणि ओटीत भरून खड्ड्यात टाकत होते. रस्त्याने मोटारसायकल गेली तरी ती दचकायची. भाईदास बांधावर खोकला की तिला वाटायचं, आता हा विचारणार, पंप कसा चालला? सगळ्यांत वाईट म्हणजे रोज चहाला येणारी रुक्माबाई त्या दिवसापासून आली नव्हती. तिला कळलं असेल का? तिने कुणाला सांगितलं असेल का? विचारायला जायचं तर पाय उचलत नव्हते. तिच्या वावरातले शेंडे खुडायला दोनदा निघून भिकुबाई अर्ध्या वाटेवरून परत आली. एकटीचं, म्हातारीचं तीन वर्षांचं शेत आपण नासवलं, आणि आता तिच्याच वावरात चोरासारखं शिरायचं, हे काही तिच्याच्याने झालं नाही.

तपासणीच्या दिवशी, गटाचे कागद सांभाळणाऱ्या संस्थेची मोहिनी तपासणीचे कागद घेऊन आली. भिकुबाईचं वावर आधी झालं. खुडलेल्या कपाशीकडे बघून बायांनी शेंडे का खुडले ते विचारलं, तिने फूट यावी म्हणून असं काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. तिच्यावर अविश्वास दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि त्यानेच तिला जास्त धडकी भरली. रुक्माबाई मागे उभी होती, पदराचा काठ चावत.

मग सगळ्या रुक्माबाईच्या वावरात आल्या. इथे शेंडे तसेच होते.

"आजी, हे काय झालं?" मोहिनीने पान हातात घेतलं. "रोग दिसतोय. काय लिहू, भिकुकाकू? तपासणी तुमची आहे, सही तुम्हालाच करायची आहे."

रोग. एवढा एक शब्द म्हटला की सुटका होती. भिकुबाईने रुक्माबाईकडे पाहिलं. म्हातारी तिच्याकडेच टक लावून बघत होती. भिकुबाईने पेन खाली घेतलं.

"हाऊ रोग नही," ती म्हणाली. "हाई मनी चूक शे. भाईदासना पंप मी मांगी लयना. त्यामा मकानं औषध व्हतं. आठेबी मीज फवारं, मना वावरमाबी. आनि मना शेंडा मी खुडी टाकात. तुमले खोटं सांगं."

दोघीतिघी एकदम बोलायला लागल्या, एकीने कपाळावर हात मारून घेतला, एक चक्क ओरडली की नियम आम्हाला वाचून दाखवत होतीस ना! भिकुबाई मान खाली घालून उभी होती. मोहिनीने सगळ्यांना शांत केलं आणि कागदावर जे झालं ते लिहिलं. दोन्ही शेतं पहिल्या वर्षावर. तपासणी संपायच्या आत तिने स्वतःहून सांगितलं, म्हणून उरलेल्या दहा जणींचा दाखला शाबूत. भिकुबाईने सही केली. रुक्माबाईने डाव्या हाताचा अंगठा उठवला.

बाया पुढच्या वावराकडे निघाल्या. भिकुबाई मागे थांबली.

"अक्का, तुनं वावर मी बुडायं," ती म्हणाली. "तू काय बी बोल मले."

"काय बोलू?" रुक्माबाई म्हणाली. "मी पहिलाज दिन वळखी लिधं. भाईदासना बांधवरनी कपाशी दरसाल अशीज व्हस. तठे निंदाले मीज जास ना."

"मंग बोलनी का नही?"

रुक्माबाईने एक चिरलेलं पान खुडून हातात घेतलं.

"मनं वावर जाई, हाई मले भेव व्हतं. आनि तू बोलती नही, ते मीबी बोलती नही," ती म्हणाली. "तुन्हा तोंडकडे दखी ऱ्हायनू व्हतू. तू रोग म्हनती, ते मी अंगठा देती."

भिकुबाई मटकन बांधावर बसली. तिच्या एका शब्दावर म्हातारीने खोट्यावर अंगठा दिला असता आणि बाराही जणी त्यात ओढल्या गेल्या असत्या. आत्ता कुठे तिला खरी भीती वाटली.