वार पडेपर्यंत

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या संध्या खिल्लारेला सौदीत जाऊन अडीच महिने झाले होते आणि प्रोबेशनचे बारा दिवस उरले होते, तेव्हा ही गोष्ट घडली.

संध्या शिकलेली नर्स. हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात तिने सहा वर्षं बाळंतपणं केली होती. नवरा रत्नपाल विनाअनुदानित शाळेत मास्तर, म्हणजे हजेरीपटावर रोज सही आणि महिनाअखेर हात हलवत घरी. १९९९ साली एजंटामार्फत मुलाखत झाली. इंग्रजीत विचारलं तेवढं तिने सांगितलं. अरबीचं कुणी विचारलंच नाही. चार वर्षांच्या लेकीला, साक्षीला, सासूच्या मांडीवर देऊन ती निघाली, तेव्हा सासू चांगुणाबाई म्हणाल्या, "तितल्या बाया बी बायाच हायेत. बाळंतपनाला कोनती भाषा लागती?"

संध्यालाही तसंच वाटलं होतं.

वाळवंटाच्या कडेचं लहानसं गाव, तिथला सरकारी दवाखाना. तिने एका वहीत देवनागरीत चाळीसेक शब्द उतरवून घेतले होते. दुखतं का, जोर लावा, लांब श्वास घ्या, झालं. बाकी सगळ्याला एकच शब्द पुरायचा, 'ऐवा', म्हणजे हो. बाई काहीबाही सांगायची, ही मान हलवून ऐवा म्हणायची. पुन्हा विचारावं तर बाईच्या कपाळावर आठी पडायची, आणि ती आठी मेट्रनपर्यंत पोचेल याची तिला धास्ती होती.

उम्म नूरा दुपारी दाखल झाली. उम्म नूरा म्हणजे नूराची आई. तिकडे बाईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, गोरेगावात साक्षीची माय म्हणतात तशीच. घरी तीन मुली. संध्याचं मनगट धरून ती बराच वेळ काही सांगत राहिली. त्यातला 'वलद', मुलगा, एवढाच शब्द संध्याला कळला. तीन मुलींच्या पाठीवर मुलगा हवा असणार बिचारीला, दुसरं काय असणार? ऐवा, ऐवा, म्हणत संध्याने तिच्या हाताला सलाइन लावलं.

संध्याकाळी मुलगी झाली. लगेच रडली नाही, म्हणून डॉक्टरीणबाईने तिला शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. संध्या आईजवळ थांबली. वार, म्हणजे नाळेमागचा गोळा, अजून पडायची होती.

"वलद? बिंत?" मुलगा की मुलगी, उम्म नूराने विचारलं.

संध्या बोलली नाही. हिंगोलीच्या दवाखान्यात धुरपताबाई नावाच्या जुन्या आयाने तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, मुलगी झाली तर वार पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाई खचते, वार आत अडकते. पुस्तकात असं काही नव्हतं, पण सहा वर्षांत तिची जीभ आपोआप थांबायला शिकली होती. आणि इथे तर चौथी मुलगी. तिने मान खाली घातली आणि पोटावर हात ठेवून ती वारेची वाट बघत राहिली. उम्म नूराने आणखी दोनदा विचारलं. मग विचारणं थांबवलं.

पाच-सात मिनिटांनी ती किंचाळली. हातातली सलाइनची सुई उपसून टेबलावरून उतरायला लागली. रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरीणबाई धावत आली, दोन बाटल्या रक्त चढलं, तेव्हा कुठे बाई सावरली. मुलगी तोवर शेजारच्या खोलीत ठणठणीत रडत होती.

दुसऱ्या दिवशी उम्म नूराच्या नवऱ्याने तक्रार दिली. केरळच्या एका सिस्टरने ती संध्याला समजावून सांगितली. उम्म नूराला गेल्या वर्षी मेलेला मुलगा झाला होता. तेव्हाही खोलीतलं सगळं माणूस असंच गप्प झालं होतं. म्हणून या वेळी तिने नर्सला आधीच सांगितलं होतं, जे काय असेल ते लगेच सांग. आणि नर्स हो म्हणाली होती.

"जबाबात लिहून दे, मुलगी झाली म्हणून मी सांगितलं होतं, पण तिला ऐकू आलं नाही," केरळची सिस्टर म्हणाली. "आत तिसरं कोण होतं?"

शुक्रवारी संध्याने ठरल्या वेळी गोरेगावच्या एसटीडी बूथवर फोन लावला. चांगुणाबाई तिथे येऊन बसल्या होत्या.

"काहून गं, आवाज बसला तुझा?"

संध्याने सगळं सांगितलं.

"ह्यात चूक कोनती? वार पडायच्या आदी पोरगी झाली म्हनून कोन सांगतं? साक्षीच्या टायमाला तुला तरी कुठं सांगितलं आमी?"

"मला कळलं होतं, आत्याबाई. तुमी सगळ्या गप झाल्या तवाच कळलं."

"मंग? तिला बी कळायचं."

"तिला लेकरू गेलं वाटलं. तिनं आदीच सांगितलं होतं मला. मी नुसती हो हो करून राहिले."



"समजलं न्हाई तर हो काहून म्हनलीस? घरी तर माजा येक शबुद ऐकून घेत न्हाईस."

"नोकरी जाईल म्हनून."

"आन् आता?"

"आता बी जाईल."

"बघ मंग," चांगुणाबाई म्हणाल्या. "रत्नपालला मी सांगते."

संध्याने जबाब इंग्रजीत लिहिला, दोनच ओळी. बाईने सांगितलेलं मला कळलं नव्हतं, तरी मी हो म्हणाले. तिने विचारलं तेव्हा मी बोलले नाही. मेट्रन सुदानची, वीस वर्षं त्याच दवाखान्यात. तिने जबाब वाचला आणि विचारलं, "मग तिने काय सांगितलं होतं?"

"मला दुसऱ्या सिस्टरने सांगितलं..."

"तिच्याकडून ऐक. दुभाषी न घेता. ती उद्या दुपारी घरी जाईल, त्याआधी तिची पूर्ण हकीकत लिहून आण. परतीच्या तिकिटाचं मग बघू."

संध्याच्या वहीत 'कळलं नाही' हा शब्दच नव्हता. सकाळी तिने तो केरळच्या सिस्टरकडून लिहून घेतला. 'मा फहिम्त.'

उम्म नूराने तिला बघून तोंड फिरवलं. संध्या खाटेजवळच्या स्टुलावर बसली. येत होते तेवढ्या शब्दांत माफी मागितली आणि 'गेल्या वर्षी' एवढंच म्हणून पेन हातात घेऊन थांबली. बऱ्याच वेळाने उम्म नूरा बोलायला लागली, भराभर, रागाने.

"मा फहिम्त," संध्या म्हणाली.

ती पुन्हा बोलली. संध्या पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या वेळी उम्म नूराने कपाळाला हात लावला. चौथ्या वेळी ती उठून बसली, बोटांवर मोजून मोजून सांगू लागली. डॉक्टर कुठे उभी होती, दार कोणी लावलं, लेकरू कपड्यात गुंडाळून कोणत्या बाजूने नेलं. सांगता सांगता रडली, डोळे पुसून पुन्हा सांगायला लागली. तास गेला.

संध्याने लिहिलेलं मोडक्या अरबीत वाचून दाखवलं. मुलगा. नऊ महिने. कुणी सांगितलं नाही.

"नऊ नाही," उम्म नूरा म्हणाली आणि आठ बोटं दाखवली. संध्याने नऊ खोडून आठ केलं.

मेट्रनने कागद दोनदा वाचला. तक्रार फायलीतच राहिली, पण परतीचं तिकीट निघालं नाही. प्रोबेशन तीन महिने वाढलं, आणि तेवढे दिवस दाखल होणाऱ्या प्रत्येक बाईची हकीकत संध्यानेच लिहायची, असा हुकूम निघाला.

ती तिथे सात वर्षं राहिली. तिची अरबी शेवटपर्यंत मोडकीच होती. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते म्हणून बाया तिच्यावर वैतागायच्या.