वाजायची थांबलेली गाडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पॉलिटेक्निकमध्ये पोरांना बेअरिंग शिकवत होतो. “भावजी, हे उठंनात,” एवढंच ती म्हणाली. मी घरी पोचेतो अण्णा, माझे थोरले भाऊ, गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय सहा-आठ महिन्यांपासून थकलं असणार, जोर लावायची कामं जमत नसणार. आणि आम्हाला पत्ता नाही. दीड महिना झाला, माझा राग उतरत नाही.

अण्णांनी सातवीत शाळा सोडली आणि फौंड्रीतला माल ट्रकनं वाहिला. मी घराण्यातला पहिला पदवीधर, त्यातही मेकॅनिकल इंजिनियर. हे मी आजही छाती काढून सांगतो. निकाल लागला त्याच आठवड्यात ट्रकचा फॅनबेल्ट किंचाळायला लागला. मी ऐटीत नवा बेल्ट आणून बसवला. गाडी चालू केली… तोच आवाज. बंपरवर बसून चहा पीत अण्णा म्हणाले, “इंजिनियर सायेब, नवा बेल्ट बी जुन्यावाणीच रडतोय की.”

मग त्यांनी चालत्या बेल्टवर तांब्याभर पाणी ओतलं. “ऐक. आवाज घटकाभर थांबला तर बेल्ट झिजलाय. वाढला तर ढिला हाय. काईच फरक न्हाय, म्हंजे बेअरिंग.” आवाज वाढला. मी बेल्ट ताणलाच नव्हता. “ठाऊक होतं तर आधी का नाही बोलला?” मी चिडून विचारलं. “तू इचारलंस व्हय?”

असा माणूस. मग आम्ही दोघांनी बेल्ट ताणला. त्यांनी पहार घालून अल्टरनेटर मागं रेटून धरला आणि मी बोल्ट आवळला. पुढं हे काम आमचंच ठरलं. मी शहरात राहायला गेल्यावरही बेल्ट वाजला की हाक यायची, “ये रं, रडतंय पुन्यांदा.” वैताग यायचा. रविवार जायचा. पण जायचो.

बाकीचे ड्रायव्हर आवाज आला की बेल्टला साबणाची वडी घासायचे. चार दिवस गाडी गप्प. अण्णा त्यांना भर अड्ड्यावर झापायचे, “गप बसीवलंस, बरं न्हाय केलंस. घाटात तुटला म्हंजे कळंल.”

शेवटच्या सहा-आठ महिन्यांत मात्र हाक आलीच नाही. मी फोन करायचो. “गाडी?” “झ्याक हाय.” “आवाज?” “न्हाय की.” दिवसाला एकच खेप मारतात असं वहिनी म्हणायची, तेव्हाही मला वाटलं, वय झालं, सावकाश करतायत. उलट मला बरंच वाटलं, रविवार मोकळा राहिला म्हणून.

परवा गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून चालू केली. बेल्ट किंचाळला. तांब्याभर पाणी ओतलं, आवाज वाढला. ढिला. पाना काढायला सीटखालची पेटी उघडली. पान्यांवर कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी होती, फडक्यात गुंडाळलेली. एका कडेला बेल्टच्या रुंदीची खाच पडलेली.

पहार रेटायचा जोर राहिला नव्हता त्यांच्यात. आणि मला बोलावलं असतं तर ते मला दिसलं असतं.

अण्णा, जगाला शहाणपण शिकवलं आणि स्वतः हे केलं. एक हाक मारायची होती. मी पहार धरली असती, तुम्ही नुसता बोल्ट आवळायचा होता… वहिनी म्हणाली, “फेकून द्या ती वडी.” मी पुन्हा फडक्यात बांधून पेटीत ठेवली. बेल्ट अजून ढिलाच आहे. त्या कामाला दोन माणसं लागतात.