सावळीरामभाऊंचा अंगठा

पहिने गाव मागे टाकून तासभर झाला, तरी मैनाबाईंची नजर सावळीरामभाऊंच्या हातांवरून हलली नव्हती. श्रावणातला तिसरा सोमवार, ब्रह्मगिरीची फेरी. पाय अनवाणी, ओठांवर शंभूचं नाव, आणि मनात एकच गोष्ट: या माणसानं माझं घड्याळ घेतलं.

घड्याळ मुलानं, दीपकनं दिलेलं, त्याच्या पहिल्या पगारातलं. मघाशी ओढ्यात शेवाळावरून त्यांचा पाय सटकला, भाऊंनी मनगट घट्ट धरलं आणि पलीकडे नेऊन सोडलं. चार पावलांवर मैनाबाईंनी मनगट चाचपलं, तर मोकळं. पट्टा बकलाचा होता. बकल काय आपोआप सुटतं?

बोलणार कशा? तीस वर्षांचा शेजार. सातपूरला कामगार कॉलनीत भिंतीला भिंत लागून घरं. नुसत्या संशयावर फेरीत माणसावर आळ घ्यायचा, हे देवाला चाललं नसतं. म्हणून त्यांनी एवढंच केलं, की भाऊंना मागं चालू दिलं नाही.

"वहिनी, पुढं तुम्ही चला की," भाऊ म्हणाले.

"नको. तुम्हीच चला. मला तुम्ही दिसलेले बरे."

भाऊ हसले. कॉलनीतल्या कुसाबाई नेहमी म्हणायच्या, सावळीरामशी हात मिळवलात तर नंतर बोटं मोजून घ्या. बायका हसायच्या, मैनाबाईही हसायच्या. आज ते हसू त्यांना पटेना. दोन वर्षांपूर्वी वाळत घातलेली पितळी वाटी गेली होती. मांजरानं पाडली असेल, असं तेव्हा सगळे म्हणाले. मांजर वाटी घेऊन जातं कुठं?

तसं भाऊंचं वाईट कुणी कधी पाहिलं नव्हतं. हरसूलचा माणूस. वडील आठवडे बाजारात मडकी विकायचे. मडक्यांच्या शेजारी गेणू नावाचा एक हातचलाखीचा खेळवाला तीन वाट्या आणि तीन बोरं घेऊन बसायचा. पोरगा मडकी राखायचा सोडून त्याचे हात राखत बसला. गेणूनं शिकवलं काहीच नाही, फक्त एकदा म्हणाला, ज्या हाताकडं लोक बघतात त्या हातानं काम करू नये. पुढं सातपूरला कारखान्यात लेथवर अठ्ठावीस वर्षं काढली. जेवणाच्या सुट्टीत सगळे पत्ते कुटायचे, हा एकटा डाव्या हाताच्या बोटांवरून रुपया पळवायचा. गणपतीत मंडळापुढं त्याचा खेळ असायचा तो पेट्या-पडद्यांचा नव्हे. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन हात, एक रुपया, एक रुमाल. समोरच्याचं पेन त्याच्याच खिशातून जायचं आणि पानवाल्याच्या टोपीखाली सापडायचं.

मैनाबाई दर वर्षी पुढच्या रांगेत बसायच्या आणि टाळी मात्र वाजवायच्या नाहीत. फसवले गेल्यावर टाळी कसली वाजवायची, असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, वाजले किती?" भाऊंनी मागं न बघता विचारलं.

मैनाबाईंनी मोकळं मनगट पदराखाली घेतलं. हा खिजवतो की काय? पण फेरीत खोटं बोलायचं नाही, ही त्यांच्या आईची शिस्त. फेरीतलं खोटं दुप्पट लागतं, असं ती म्हणायची. त्यांनी ढगांकडं पाहिलं.

"दहा झाले असतील."

"असतील," भाऊ म्हणाले, आणि चालत राहिले. उजव्या हातात काठी. डावा हात सदऱ्याच्या खिशात. मैनाबाईंनी डाव्यावर डोळे लावले. तो हात खिशातून निघाला, फुटाणे घेऊन निघाला, त्यांच्यापुढं आला. "घ्या." त्यांनी घेतले नाहीत. उपास आहे म्हणाल्या, आणि तो होताच.

मैलभरानं भाऊंनी पुन्हा वेळ विचारली. मैनाबाईंनी फक्त पाऊल उचललं. तोंडातलं नाम तुटलं होतं, ते पुन्हा जुळेना. देवाच्या वाटेवर चालत होत्या आणि डोळे चोरावर. याचाही राग त्यांना भाऊंचाच आला.

धाडोशीला चहाच्या टपरीवर दोघं बाकावर टेकले. भाऊंनी कप खाली ठेवला.

"आता तरी सांगा. वाजले किती?"

"तुमच्या खिशाला विचारा," मैनाबाई म्हणाल्या. "माझं घड्याळ तिकडं आहे."

भाऊ हसले नाहीत. डावा हात उघडला. तळव्यावर घड्याळ होतं. मैनाबाईंनी ते उचललं, पट्टा तपासला आणि मनगटावर बांधलं.

"कधी कळलं, वहिनी?"

"ओढ्यातच."

"टपरीवर आल्यावर नाय? मी विचारलं तेव्हा नाय?"

"ओढ्यातच, भाऊ. हाताला हात लागला तेव्हाच शंका आली, चार पावलांवर चाचपलं. तुमचा अंगठा थरथरत होता."

भाऊंनी अंगठ्याकडं पाहिलं.

"मनगट घट्ट दाबलं ना, की सोडल्यावरबी कातडीला वाटतं, घड्याळ हायच," ते सावकाश म्हणाले. "तासभर कळत नाय माणसाला. आजवर कुणाला कळलं नाय. पोलिसाचं काढलंय मी, मंडळात, त्याच्याच हातात दिलं परत. दोन महिने झाले, रुपया बोटांतून खाली पडतोय. घरी विचारलं तर सगळे म्हणतात, छान होतं. लय माया करतात. मग म्हटलं, वहिनींना विचारावं. माझ्यावर विश्वास नसलेलं माणूस कॉलनीत एकच. आणि फेरीत तुम्ही खोटं बोलत नाय."

"मग तोंडानं विचारायचं. घड्याळ कशाला काढायचं? नाम गेलं माझं."

"तोंडानं विचारलं असतं तर तुम्ही हातांकडं इतकं बघितलं असतं का?"

मैनाबाईंनी घड्याळाचा पट्टा आणखी एक भोक आवळला. वाटीचं विचारावं असं एकदा मनात आलं, पण त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

"गणपतीत पाचव्या दिवशी माझा खेळ हाय मंडळात," भाऊ म्हणाले. "पुढं बसा, नेहमीच्या जागी. आज बघितलंत तसंच बघा, चोराकडं बघावं तसं. लपवलेला रुपया दिसला तर पदर डोक्यावर घ्या. मी तिथंच रुमाल घडी करून खेळ आवरीन, कुणाला कळायच्या आत. दया करू नका तेवढी. आणि कुसाबाईंना शेजारी बसवू नका, त्या आधीच टाळ्या वाजवतात."