तिचा वेगळा कप

लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघी वेंटवर्थव्हिलच्या एका भाड्याच्या घरात अडकलो होतो. ती स्लोव्हाकियाची रोमा, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजातली मुलगी, रोमा तरुणांच्या एक्स्चेंजसाठी सिडनीला आलेली. कार्यक्रम ऑनलाइन गेला, विमानं बंद झाली. लॅपटॉप हातावर घेऊन ती घरभर फेऱ्या मारायची. बसली तरी पाय हलतच राहायचा.

तिचा कप वेगळ्या फळीवर असायचा. मी चुकून उचलला की म्हणायची, "तो नको, प्लीज." माझं डोकंच फिरायचं. आमच्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलाबाहेर असाच वेगळा कप असायचा.

एकदा तिच्या एक्स्चेंजच्या व्हिडिओ कॉलवर प्रत्येकाने आपल्या संस्कृतीतली वस्तू दाखवायची होती. कुणी घागरा दाखवला, कुणी व्हायोलिन. हिने कप दाखवला. "आमच्या घरी परक्यांना आपला कप देत नाहीत. आणि शाळेत आमचाच कप वेगळा ठेवायचे. सांगा, यातली माझी संस्कृती कुठली?"



कॉल संपल्यावर तिने त्याच कपात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

"अगं, मी दिवसभर लॅबमध्ये कोविडचे सॅम्पल हाताळते," मी म्हटलं.

"माहितीये."

तिचा पाय पहिल्यांदाच थांबला होता. माझा हात पुढे होईना, आणि ती कप मागे घेईना.