शेटने धरलं

आमच्या चिंचणीत शेठ म्हणजे मासळीचा मोठा व्यापारी, नाहीतर तारापूरच्या कारखान्याचा मालक. नोटबंदी झाली त्या वर्षी मी तलासरी तालुक्यात एका आरोग्य केंद्रावर नर्स म्हणून रुजू झाले. या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल हे तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं.

एका सकाळी दार उघडतंय तोच एक सासू आपल्या सुनेला धरून आत आली. दोघी चिकूच्या वाडीत मजुरीला होत्या, राहायलाही तिथेच खोपटात. काय झालं म्हणून विचारलं.

"शेट घुसला खोपटात, बाय. झोपंत धरली हिला."

माझं डोकंच फिरलं. बाहेरच्या पुरुषांना लांब हाकललं, दार लावलं आणि तिला जवळ बसवलं. घाबरू नकोस, सगळं सांग, म्हटलं. तिच्या पापण्या वर उचलेनात. मला वाटलं, लाजेने. जीभ अडखळायला लागली. मला वाटलं, भीतीने. पाणी दिलं तर ते ओठांतून परत आलं. मी मनातल्या मनात वाडीच्या मालकाला शिव्या घालत होते, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःवर खूशही होते.

"कुठे हात लावला त्याने?"

सासू माझ्याकडे बघत राहिली. "त्याला हात कुठं असतात, बाय?"

त्यांच्या पाड्यावर सापाचं नाव तोंडाने घेत नाहीत, शेट म्हणतात. मण्यार चावली तर सूज येत नाही, फारसं दुखतही नाही, पण पापण्या मिटतात, जीभ अडखळते, पाणी गिळता येत नाही, हे मला तोंडपाठ होतं. डॉक्टरांना ओरडून बोलावलं, इंजेक्शन सुरू केलं, अॅम्ब्युलन्सही आली. डहाणूला पोचण्याआधीच ती गेली. अर्धा तास मी तिला नुसता धीर देत बसले होते.

सासूने मला कधी बोल लावला नाही. बाईने किती मायेने विचारलं, असं ती पाड्यावर सांगायची म्हणे. ते मला अजून ऐकवत नाही. बँकेत कुणी "शेठ येतायत" म्हटलं तरी माझी नजर आधी जमिनीवर जाते.

दोन-तीन वर्षांनी झरी गावाकडून एक तरुण बाई आली, एकटीच. म्हणाली, "शेटनं धरलं." मी तिच्या पापण्या वर करून बघितल्या, पाणी प्यायला लावलं. ते नीट घशाखाली उतरलं. मग विचारलं, "कुठला शेट? हातपायवाला?"

तिने होकाराची मान हलवली आणि ती रडायला लागली.

"बरं झालं," माझ्या तोंडून निघून गेलं. तिने ते ऐकलं.